ट्रेकचा चाकू: कमानपाट्यापासून म्यानापर्यंत, नऊ महिन्यांच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

आजपासून ही वही. ट्रेकसाठी स्वतःच्या हाताने एक चाकू करायचा ठरवलंय. आधीचे दोन चाकू निकामी झाले. पहिला घडीचा होता. त्याच्या सांध्यात चिखल नि शिजलेली डाळ जाऊन बसायची आणि दोन वर्षांत पातं मुठीत लटलटायला लागलं. दुसरा स्वयंपाकघरातला पातळ स्टीलचा, तो बॅगेत वाकून मोडला. म्हणून यावेळी घडी नाही. अखंड पातं हवं, आणि पात्याचंच लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं.

लांबी सुरुवातीलाच आखून घेतली. शस्त्र कायद्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत धरले जातात. घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपल्याला एवढं मोठं पातं लागतच नाही. मी कागदावर १२५ मिमी लांब, ३२ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड असं पातं काढलंय. जाडी मुद्दाम जास्त धरली, मोडलेल्या चाकूची धास्ती अजून गेलेली नाही.

आज रविवार म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. जीपच्या कमानीचा, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगचा, एक जुना पाटा १८० रुपयांना मिळाला, ८ मिमी जाडीचा. कमानपाट्यात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे त्याला पाणी चढतं (लाल तापवून एकदम बुडवला की तो कडक होतो), आणि कडक होऊनही तो चिवट राहतो. खेड्यातले कोयते नि विळे बहुतेक याच पाट्यांचे असतात, त्यामुळे लोहारालाही हा माल ओळखीचा.

२० जानेवारी

वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका गावात लोहारकाकांकडे गेलो. तोरण्याला जाता-येता त्यांची भट्टी नेहमी दिसायची. आज पहिल्यांदा आत जाऊन बसलो.

पाटा कमानीसारखा वाकलेला असतो, आधी तो सरळ करावा लागतो. काका सांडशीत धरून फिरवत होते आणि काकू घण घालत होत्या. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. काकांचा छोटा हातोडा ऐरणीवर जिथे टक् करायचा, पुढचा घण तिथेच पडायचा. अर्ध्या तासात पाटा सरळ झाला आणि टोकाचा आकारही आला.

काकांनी विचारलं, “दादा, एवढा जाड कशाला ठेवताय? फरशी फोडायची का?” मी म्हटलं, मोडायला नको. त्यांनी मान हलवली आणि ५ मिमीला हात थांबवला.

शेवटी लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवायला सांगितलं. सावकाश निवलं की लोखंड मऊ पडतं आणि कानस चालते. मजुरी ५०० रुपये.

४ फेब्रुवारी

दोन शनिवार-रविवार घासण्यात गेले, एकूण अकरा तास. अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून मोठं काम उरकलं, पुढचं सगळं कानशीने. ग्राइंडरचा आवाज सोसायटीत चालेना, म्हणून एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये कोपरा मिळवला.

नव्याने करणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. धारेच्या कडेवर मधोमध दोन बारीक समांतर रेघा आधीच ओढून घ्या. नाहीतर एक बाजू जास्त घासली जाते नि धार मधून न जाता एका अंगाला सरकते. माझी १ मिमी सरकली होती. ती मध्यावर आणण्यात दोन तास गेले.

१० फेब्रुवारी

पातं गेलं.

आज पाणी द्यायचं होतं. काका कोयत्याला पाणी देतात तेव्हा फक्त धारेची कड बोटभर पाण्यात धरतात. मग बाहेर काढतात, आणि पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू देतात. धारेवर गवती पिवळा रंग चढला की पुन्हा बुडवायचं. त्यांनी मला तसंच सांगितलं. मला मात्र सगळं पातं एकसारखं कडक हवं होतं. अर्धवट वाचलेलं डोक्यात होतं. सांडशी मीच हातात घेतली आणि अख्खं पातं बादलीत घातलं.

सकाळचं पाणी, तेही फेब्रुवारीतलं, गारठलेलं. वाफेचा फुत्कार झाला आणि त्यातूनच ‘टिंक्’ असा आवाज आला. ताटावर चमचा हलकेच लागावा तेवढाच. काकांनी तो ऐकला, पण काही बोलले नाहीत.

बाहेर काढून पुसलं तर डोळ्यांना काही दिसेना. माझा जीव भांड्यात पडला होता. काकांनी बाटलीतलं थोडं रॉकेल पात्यावर चोळलं, कोरड्या फडक्याने चांगलं पुसलं आणि वरून खडू घासला. दोन मिनिटांत पांढऱ्या खडूवर एक ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक. धारेपासून तिरकी निघालेली, जवळजवळ पाठीपर्यंत पोचलेली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूने वर ओढून घेतलं होतं. चिमट्यात धरून वाकवलं तर त्याच रेघेवर पातं बिस्किटासारखं तुटलं.

“कोयत्याला जेवढी धार, तेवढंच पाणी,” काका म्हणाले.

तुटलेली कड नीट पाहिली. बहुतेक भाग राखाडी, बारीक रव्यासारखा. पण पाठीजवळ नखाएवढा तुकडा काळा पडलेला होता. म्हणजे तिथली चीर आजची नव्हे, पाटा गाडीखाली होता तेव्हापासूनची. कमान लाखो वेळा दबते नि उचलते, त्यात अशा चिरा पडतात आणि वरून दिसत नाहीत. म्हणजे चुका दोन. जुना पाटा न तपासता घेतला, आणि तेलात कडक होणारं लोखंड गार पाण्यात घातलं. तेल पाण्यापेक्षा सावकाश उष्णता ओढतं, त्यामुळे पात्याच्या आतल्या-बाहेरच्या भागात एवढी ओढाताण होत नाही. पाण्यातच घालायचं तर काकांच्या रीतीने, फक्त धार. दोन्ही रीतींची सरमिसळ मी केली.

१८ फेब्रुवारी

कमानी बनवणाऱ्या दुकानातून न वापरलेल्या पाट्याचा तुकडा घेतला, ६५० रुपये. दोन चाकू निघतील एवढा लांब आहे. जुन्यापेक्षा महाग वाटतो, पण आधीच्या पात्यावर माझे अकरा तास गेलेत. जुनाच वापरणार असाल तर पाट्यातल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग सोडून द्या आणि बाकीच्याची आधी रॉकेल-खडूने परीक्षा करा.

९ मार्च

दुसरं पातं. आकार तोच, जाडी तीच, ५ मिमी. काकांची मजुरी या खेपेला ७००.

यावेळी घाई केली नाही. आधी तीन वेळा लाल करून नुसत्या हवेत निवू दिलं, म्हणजे ठोकताना लोखंडात बसलेला ताण निघतो. मग संध्याकाळी साडेसहानंतर भट्टी पेटवली. दिवसा लोखंडाचा रंग कळत नाही. उन्हात काळपट दिसणारं पातं अंधारात चांगलं लाल असतं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेला बांधून ठेवलं होतं. साधारण ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला चिकटत नाही. चिकटणं थांबलं की आणखी थोडं तापवायचं, रंग लालवरून किंचित केशरी छटेकडे झुकेपर्यंत, आणि लगेच तेलात.

स्टीलच्या उभट डब्यात दोन लिटर सूर्यफूल तेल घेतलं होतं (२६० रुपये), हाताला चांगलं गरम लागेल एवढं तापवून. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही. पातं टोकाकडून सरळ खाली घालायचं आणि पुढे-मागे हलवायचं. आडवं हलवलं तर वाकतं. तेलावर जाळ होतो. डब्याचं झाकण हाताशी ठेवा, पाण्याची बादली लांब ठेवा.

आवाज आला नाही. कानस घासली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. पातं कडक झालंय.

पण पट्टी लावून बघितली तर मधोमध २ मिमी बाक. एका बाजूला मी थोडं जास्त घासलं असणार.

१० मार्च

कडक पातं तसंच ठेवलं तर पडताक्षणी फुटेल, म्हणून आजच ओव्हनमध्ये भाजायचं होतं. २०० अंशांवर दोन तास, निवू द्यायचं, पुन्हा दोन तास. पहिल्या फेरीनंतर पात्यावर जांभळट रंग दिसायला लागला. तो गवती पिवळा हवा होता. ४५० रुपयांचा ओव्हन-थर्मामीटर आणून आत ठेवला तेव्हा कळलं, बटण २०० दाखवतं तेव्हा आत २४० च्या पुढे असतं. केकला चालतं, चाकूला नाही. धार हवी होती त्यापेक्षा जरा मऊ राहिली. हा थर्मामीटर आधी घ्या.

बाक मात्र निघाला. जाड लोखंडी पट्टीवर पातं क्लँपने आवळलं, बाकाच्या उलट बाजूने मधे एक रुपयाचं नाणं सरकवलं आणि दुसरी फेरी तशीच भाजली. निवल्यावर सोडलं तर सरळ.

१६ मार्च

मूठ शिसवीची. फर्निचरवाल्याकडे १५० रुपयांत तुकडा मिळाला. पितळी सळई १२०, अ‍ॅरल्डाइट २२०. एका संध्याकाळचं काम, दुसऱ्या दिवशीपर्यंत आवळून ठेवलं. वजन केलं, २७० ग्रॅम.

२३ मार्च

उद्या होळी. सकाळी आईने पुरणाला डाळ घातली होती, मी शेजारी चाकूची परीक्षा घेत होतो.

कांदा कापला. कापला कसला, पातं अर्ध्यात गेल्यावर कांदा चिरडून दोन बाजूंना सुटला. कैरी घेतली. धार आत शिरत होती, पण मागची जाडी फोडीला बाहेर ढकलायची. शेवटी कैरी ‘टच्’ करून फुटली आणि अर्धा तुकडा ओट्याखाली गेला. पुन्हा धार लावली. कागद सरसर कापला जातो, पण कैरी फुटतेच. म्हणजे दोष धारेत नाही, धारेमागच्या जाडीत आहे. व्हर्नियरने मोजलं, धारेच्या लगेच वर पातं १ मिमी जाड. आईच्या जुन्या विळीचं पातं तिथे कागदासारखं.

आईने चाकू हातात धरून एवढंच विचारलं, “हा पाचरीसारखा का केलास?”

१८–१९ मे

तरी या चाकूला एक संधी दिली. पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, एक मुक्काम. या खेपेला एक काम नेमाने केलं. चाकू कशासाठी काढला ते प्रत्येक वेळी वहीत लिहिलं.

दोन दिवसांत ३१ वेळा काढला. कांदा, बटाटा, काकडी, कैरी, लिंबू असं खाण्याचं २२ वेळा. पुड्या फोडायला ५ वेळा. दोर आणि टेप ३ वेळा. एकदा फोडावर लावायची पट्टी कापायला. लाकडासाठी एकदाही नाही. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे झाडाला हात लावायचा नाही आणि चूलही पेटवायची नाही. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर. ओंडक्यावर चाकू ठेवून वरून ठोकायचा, ही कल्पना मनात धरून मी पातं जाड केलं होतं. ते काम माझ्या ट्रेकमध्ये कधी येतच नाही.

परतीच्या उतारावर एका मित्राच्या बुटाचा तळवा निघाला. सह्याद्रीत हे नेहमीचं. नायलॉनचा दोर कापून तळवा बांधायचा होता. बोटाएवढा दोर, पण माझी जाड धार त्याच्यावरून घसरत राहिली. शेवटी दगडावर ठेवून करवतीसारखं घासावं लागलं. मित्र एका पायावर उभा, ऊन डोक्यावर, आणि माझ्या हातात चार महिने खपून केलेला चाकू, ज्याने दोर कापला जात नव्हता. तेव्हा मनाशी पक्कं झालं. चाकू मोडायला नको म्हणून मी त्याला कापू दिलं नव्हतं.

२५ मे

त्याच पात्याला पातळ करून बघितलं. कडक झालेलं पातं ग्राइंडरवर घासताना तापतं, म्हणून दर दोन-तीन फटक्यांनंतर पाण्यात बुडवायचं. मी टोकाशी जरा जास्त रेंगाळलो. एका क्षणात निळा डाग पडला. निळा म्हणजे साधारण ३०० अंश, तिथलं पाणी उतरलं. टोक खिळ्यासारखं मऊ झालं, पाटावर दाबलं तर वाकलं. हे पातं सोडलं. आता घरी नारळ सोलायला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे.

८ जून

तिसरं पातं. नवं माप: लांबी १०० मिमी, रुंदी २८, पाठीला ३. टोक मधल्या रेषेच्या थोडं वर, म्हणजे टोचायला चालतं आणि पाटावर कापताना अडत नाही. पाठीपासून धारेपर्यंत सलग उतार, मधे कुठे खांदा नाही.

काकांना सांगितलं, जितकं पातळ ठोकता येईल तितकं ठोका. ते हसले. काकूंनी साडेतीन मिमीपर्यंत आणून दिलं, बाकी मी कानसलं. पुन्हा ७०० रुपये. पातळ पातं तेलात वाकण्याची भीती जास्त, म्हणून तेलात घालण्याआधी धारेची कड १ मिमी ठेवली आणि उरलेलं नंतर घासलं. यावेळी ग्राइंडर बंद. ओला पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हाताने. नऊ तास लागले. धार लावायच्या आधी कडेची जाडी ०.४ मिमी.

ओव्हनमध्ये थर्मामीटर बघून खरे २०० अंश, दोन फेऱ्या. सुंदर गवती रंग आला.

धार लावताना कोन कसा ठेवायचा ते: २८ मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून ८ मिमी उचलली की साधारण १७ अंश होतात. शिसपेन्सिलीपेक्षा किंचित जास्त उंची. सुरुवातीला पेन्सिल पाठीखाली धरून अंदाज घ्या, मग हाताला सवय होते.

वजन ११२ ग्रॅम. कैरीची फोड पाटावर आडवी पडली, आवाज न करता.

६–८ जुलै

गुंजवण्यातून चोरदरवाज्याने राजगड, भर पावसात. मुक्काम खाली गावातल्या एका घरी. चाकूने सगळी कामं केली. दोर एका ओढीत तुटला.

पण दोन नवे दोष निघाले.

पहिला म्यानाचा. म्यान जाड चामड्याचं शिवून घेतलं होतं, चामडं नि शिलाई मिळून ६००. दिसायला देखणं. पण दोन दिवस पावसात भिजल्यावर ते आतून ओलं राहिलं, आणि चाकू त्या ओलीत बसून. सोमवारी सकाळी काढला तर शिलाईच्या रेषेला समांतर तांबड्या ठिपक्यांची ओळ. वरवरचा गंज घासून गेला, तीन ठिकाणी बारीक खड्डे राहिले. कांदा-लिंबाने पात्यावर येणारा करडा-काळा थर वेगळा, तो राहू द्यावा, जुन्या विळीवर असतो तसाच. गंज खातो, हा थर खात नाही.

दुसरा मुठीचा. उजव्या बाजूची शिसवीची फळी पुढच्या टोकाला सुटली. नख जाईल एवढी फट. उकलून पाहिलं तर खाली लोखंडावर तेलाचा चिकट थर. तेलात घातलेलं पातं मी नुसतं पुसलं होतं.

१० ऑगस्ट

मूठ नव्याने. लोखंड ६० नंबरच्या पेपरने खरवडलं, अ‍ॅसिटोनने दोनदा पुसलं, त्यानंतर बोट लावलं नाही. मऊ ठेवलेल्या मुठीच्या भागात चार जास्तीची छोटी भोकं पाडली, म्हणजे दोन्ही फळ्यांचं अ‍ॅरल्डाइट आरपार एकमेकांना धरतं. क्लँप बेताने आवळला. फार आवळला तर सगळं अ‍ॅरल्डाइट बाहेर येतं आणि फळी कोरडीच बसते. मुठीचा आकारही बदलला. गोल होती, ओल्या हातात फिरायची. आता अंडाकृती आहे, अंधारातही धार कुठे आहे ते हाताला कळतं. वरून तीन वेळा जवसाचं तेल.

म्यानासाठी नळाचा पीव्हीसी पाइप, ९० रुपये. उभा चिरून गरम केला की पत्र्यासारखा सपाट होतो, मग चाकूभोवती दुमडायचा. पहिला तुकडा गॅसवर धरला आणि तो जळला. नाकाला झोंबणारा धूर झाला, खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. तो धूर विषारी असतो. हे काम घरात करू नका. दुसरा तुकडा गच्चीवर हीटगनने केला. पात्याला आधी मास्किंग टेपचे दोन थर गुंडाळा, म्हणजे म्यान आतून थोडं सैल राहतं आणि धार घासत नाही. तळाला ५ मिमीचं भोक, पाणी निघून जायला. चामड्याइतकं देखणं नाही. पण पावसातून आल्यावर झटकलं की कोरडं.

पात्याला घरी आल्यावर खोबरेल तेलाचं बोट. अन्न कापायचं असल्यामुळे यंत्राचं तेल लावत नाही.

१ सप्टेंबर

खर्च: पाटे ८३०, मजुरी १९००, डिस्का नि पॉलिश पेपर ११४०, तेल २६०, थर्मामीटर ४५०, शिसव-सळई-अ‍ॅरल्डाइट ४९०, चामडी म्यान ६००, पाइप ९०. एकूण ५७६० रुपये. चुका वगळल्या तर हाच चाकू साधारण निम्म्यात होतो.

२९ सप्टेंबर

चाकू काकांना दाखवायला नेला. त्यांनी डोळा मिटून धारेवरून नजर टाकली, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली. नखावर घसरली नाही, म्हणजे लागलेली आहे. मग काकूंच्या हातात दिला. काकूंनी दारातली काकडी तोडून तिथेच चार फोडी केल्या, मीठ लावून एक माझ्यापुढे धरली.

काकांचं बोट मुठीजवळ थांबलं होतं. तिथे मी १२ मिमी पात्याला धार लावलेली नाही, नुसतं दिसायला बरं म्हणून मोकळं सोडलंय. “हाताचा जोर सगळा इथं येतो,” ते म्हणाले, “आणि इथंच धार नाही?”

दोर कापताना मी प्रत्येक वेळी हात मागे ओढून धार शोधायचो, ते आठवलं. नव्या पाट्याचा थोडा तुकडा अजून शिल्लक आहे. काकांनी खडूने त्यावर रेघ ओढली, धार थेट मुठीपर्यंत. दुपारी ठोकून झालं. आता राखेत आहे, पुढच्या रविवारी आणायला जायचंय.